घाट न चढलेला मासा

पुणे जिल्ह्यातील नद्यांत कोणते मासे राहतात याची पहिली मोठी शास्त्रीय नोंद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. विल्यम हेन्री सायक्स हे त्याचे नाव. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि पुढची सहा-सात वर्षे तो या मुलखात गावोगाव हिंडला. पिके, पाऊस, लोकसंख्या हे त्याचे काम. पण ते करता करता त्याने पक्षी टिपले, मासे टिपले, त्यांची चित्रे काढून घेतली. १८३९ साली त्याचे माशांवरील लेखन लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली गमतीची गोष्ट अशी की नव्या जातींना नावे देताना त्याने लॅटिनपेक्षा मराठीचा आधार अधिक घेतला. कोळी-भोई माशाला जे म्हणत तेच त्याने आपल्या कानांना ऐकू आले तसे इंग्रजीत उतरवले. ‘खुद्री’ म्हणजे आपला खडशी मासा, महसीर. ‘सीनघाला’ म्हणजे शिंगाळा. ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात जशीच्या तशी चालतात. ‘टॉर खुद्री’ हे शास्त्रीय नाव उच्चारणारा जपानी संशोधक नकळत मुळा-मुठेच्या काठावरचा एक शब्द उच्चारत असतो.

सायक्सची यादी आम्ही येथे काढली ती एका वेगळ्याच प्रश्नासाठी. वार्धक्यात स्मरणशक्ती टिकावी म्हणून ‘तेलकट मासे’ खावेत, असे गेली तीसेक वर्षे सांगितले जात आहे. राजगुरुनगर-चाकण पट्ट्यातील औषधांच्या दुकानांत माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूल सहज मिळतात आणि मुलगा कारखान्यात नोकरीला लागला की आई-वडिलांसाठी त्या घरी येतात. पण तेलकट मासे म्हणजे नेमके कोणते? बांगडा, तारली, पेडवे, परदेशातले सामन, हेरिंग, मॅकरेल. सायक्सच्या यादीत यांपैकी एकही नाही, असणारही नाही, कारण हे समुद्राचे मासे आहेत. भीमेतले बहुतेक मासे सडपातळ मांसाचे. चरबीदार म्हणावा असा यादीत ठळकपणे एकच, तो म्हणजे अहेर. सापासारखा लांब, बुळबुळीत. सायक्सने त्याला गव्हर्नर एल्फिन्स्टनचे नाव दिले. अहेर समुद्रात जन्मतो आणि नदीतून वर चढत येतो. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला, तेव्हा खेडच्या डोहात सापडणारा अहेर पूर्व समुद्रावरून सारा दख्खन ओलांडून आलेला असे. धरणे झाल्यावर ती वाट अडली.

मग समुद्राचा मासा खेडला येत नव्हता का? येत होता. खेडचे नाव पुढे हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या स्मरणार्थ राजगुरुनगर झाले, पण गाव तेच, भीमेच्या काठचे. भीमा उगम पावते ती भीमाशंकरला, आणि भीमाशंकरच्या कड्याखाली कोकण. त्या घाटवाटांनी मीठ वर आले, तसे वाळवलेले मासेही आले. मात्र कोणते, हे पाहा : बोंबील, जवळा, सुकट. हे सारे कमी चरबीचे. उन्हात वाळले की महिनोन्‌महिने टिकतात. बांगडा किंवा तारली नुसती उन्हात टाकली तर दोन दिवसांत तिला खवट वास सुटतो, कारण तिच्यातले तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते. म्हणून तेलकट मासा मिठात मुरवावा लागतो आणि तरीही तो फार काळ चांगला राहत नाही. तारलीचे तेल तर किनाऱ्यावर होड्यांच्या लाकडाला लावायलाच वापरत. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली धावू लागली, पण ती पुण्याला गेली. खेडच्या वाट्याला रेल्वे आली नाही. बर्फ, मालमोटार आणि पुणे-नाशिक रस्ता यांची जोडी जमेपर्यंत ताजा बांगडा ही घाटावरच्या ताटातली नवलाईच होती. ज्या गुणामुळे हा मासा मेंदूला हितकर म्हणून नावाजला गेला, नेमका त्याच गुणामुळे तो घाट चढू शकला नाही.

तेलातले रसायन

तो गुण कोणता हे शिक्षकांना फळ्यावर दोन रेघांत दाखवता येईल. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची साखळी. साखळीत सगळे बंध एकेरी असले की ती सरळ राहते, शेजारच्या साखळीला चिकटून बसते आणि मेद घट्ट होतो. स्टिअरिक आम्लात १८ कार्बन आहेत, सगळे बंध एकेरी. ते सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळते. दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो. बाक जितके अधिक, तितका मेद पातळ. माशांच्या तेलातल्या डोकोसाहेक्झेनोइक आम्लात (पुढे आपण त्याला डीएचए म्हणू) २२ कार्बन आणि तब्बल सहा दुहेरी बंध आहेत. त्याचा वितळणबिंदू शून्याखाली सुमारे ४४ अंश. थंड पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या पेशींची आवरणे गोठू नयेत याची ही सोय. त्याचाच धाकटा भाऊ ईपीए, २० कार्बन आणि पाच दुहेरी बंधांचा. दुहेरी बंध ऑक्सिजनला चटकन बळी पडतात, म्हणून तारलीला वास सुटतो. ओमेगा-३ हे या कुळाचे नाव. साखळीच्या शेवटच्या टोकाकडून मोजले असता पहिला दुहेरी बंध तिसऱ्या कार्बनवर येतो म्हणून.

एक मुद्दा येथे नेहमी निसटतो. ही मेदाम्ले मासा स्वतः फारशी बनवत नाही. ती बनवतात समुद्रातली सूक्ष्म शैवाले. शैवाल खातात बारीक कवचधारी जीव, त्यांना खातात मासे. तारली तर शैवालही थेट गाळून खाते. पावसाळ्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर शैवालांची भरभराट झाली की तारली पुष्ट होते, आणि अंडी घालून झालेली तारली अगदी रोड असते. एकाच जातीच्या माशात मोसमानुसार तेल कित्येक पटींनी बदलते. कोकणातल्या बायका ‘आता तारलीला तेल आलंय’ म्हणतात तेव्हा त्या प्रयोगशाळेतला निष्कर्षच सांगत असतात.

उंदराच्या शेपटीपासून ग्रीनलंडपर्यंत

चरबी म्हणजे केवळ इंधन, ती नसली तरी पिष्टमय पदार्थांवर भागते, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मानत. १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने ही समजूत मोडली. त्यांनी उंदरांना सर्व काही दिले, फक्त चरबी अजिबात दिली नाही. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, ते लवकर मरू लागले. थोडीशी योग्य चरबी देताच ते सुधारले. शरीराला स्वतः बनवता न येणारी मेदाम्ले असतात हे त्यातून कळले. पण सारे लक्ष तेव्हा जीवनसत्त्वांकडे होते. मुलांना कॉडच्या यकृताचे तेल पाजत ते अ आणि ड जीवनसत्त्वांसाठी. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेला, कॉडचे तेल येईनासे झाले, तेव्हा आपल्याकडे मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई येथे मुशीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. तोही अ जीवनसत्त्वासाठीच. त्या चमच्यात आणखी काय आहे हे पाहण्याचे कोणाला सुचले नाही.

सुचले ते ऑक्सफर्डच्या ह्यू सिंक्लेअरला. १९४४ साली तो कॅनडातील इन्युइट लोकांत गेला. त्या काळी त्यांना एस्किमो म्हणत. सील आणि मासे यांवर जगणाऱ्या, भाजीचे पानही क्वचित पाहणाऱ्या या माणसांत हृदयविकार दिसत नाही, असे त्याला वाटले. १९५६ साली त्याने ‘लॅन्सेट’ला एक लांबलचक, काहीसे भांडखोर पत्र लिहिले : आपल्या रोगांचे मूळ विशिष्ट मेदाम्लांच्या अभावात आहे. त्याला फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९७० साली डेन्मार्कचे बँग आणि डायरबर्ग हे दोन वैद्य ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले, १३० माणसांचे रक्त घेऊन आले आणि त्यात ईपीए भरपूर सापडले. येथून माशाच्या तेलाचा आधुनिक इतिहास सुरू होतो. सिंक्लेअरने १९७९ साली, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, शंभर दिवस फक्त सील आणि मासे खाऊन पाहिले. जखम केल्यावर त्याचे रक्त थांबायला पूर्वी तीन मिनिटे लागत, ती पन्नासच्या घरात गेली. रक्त गोठण्यावर या मेदाम्लांचा परिणाम होतो हे त्याने स्वतःच्या अंगावर दाखवून दिले. अशा प्रयोगाला आज कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही, आणि तेच बरे.

पण ग्रीनलंडच्या कथेला पुढे एक कलाटणी मिळाली. २०१४ साली कॅनडातील संशोधकांनी जुनी कागदपत्रे चाळली तेव्हा दिसले की बँग आणि डायरबर्ग यांनी हृदयविकाराचे प्रमाण स्वतः मोजलेच नव्हते. त्यांनी सरकारी मृत्युनोंदींवर विश्वास ठेवला. दूरदूरच्या वस्त्यांत डॉक्टर नव्हते, मृत्यूचे कारण अंदाजाने लिहिले जाई. प्रत्यक्षात इन्युइटांत हृदयविकार इतरांइतकाच होता असे इतर पुरावे सांगतात. रक्तातले ईपीए खरे, निष्कर्ष मात्र डळमळीत पायावरचा.

मेंदूकडे

मेंदूचा धागा वेगळ्या बाजूने आला. १९७० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल क्रॉफर्ड आणि त्याचे सहकारी निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या मेंदूंचे रासायनिक पृथक्करण करत होते. प्राणी गवत खाणारा असो वा मांस, त्याच्या यकृतातली मेदाम्ले वेगवेगळी. पण मेंदूतली जवळजवळ सारखी, आणि त्यांत डीएचए ठळक. मेंदूच्या करड्या भागात आणि डोळ्याच्या पडद्यात ते साठवलेले असते. मग तर्क सरळ वाटला : मेंदू डीएचएचा, मासा डीएचएचा, म्हणून मासा मेंदूचा. असा तर्क सुचणे चूक नाही, त्यावर थांबणे चूक. हाडे कॅल्शियमची आहेत म्हणून खडू खाऊन ती बळकट होत नाहीत, हे आपण मुलांना सांगतोच.

१९९७ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरातून पहिला मोठा आकडा आला. पंचावन्न वर्षांवरील पाच हजारांहून अधिक लोकांना काय खाता असे विचारून सुमारे दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. मासे खाणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे नवे रुग्ण कमी निघाले. २००३ साली शिकागोहून मार्था क्लेअर मॉरिस यांनी ८१५ वृद्धांचा अभ्यास दिला : आठवड्यातून एकदा तरी मासा खाणाऱ्यांत अल्झायमरचा धोका ६० टक्क्यांनी कमी. २००६ साली फ्रॅमिंगहॅमहून आणखी भक्कम गोष्ट आली. तेथे ‘काय खाता’ हे नुसते न विचारता ८९९ जणांच्या रक्तातले डीएचए मोजले होते आणि सुमारे नऊ वर्षे वाट पाहिली होती. डीएचए सर्वांत जास्त असलेल्या चौथ्या हिश्शात स्मृतिभ्रंश ४७ टक्के कमी. ही माणसे आठवड्यातून सरासरी तीनदा मासे खात. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे?

यानंतरची गोष्ट वर्तमानपत्रांनी कमी सांगितली. त्याच रॉटरडॅममध्ये, त्याच लोकांवर, साडेनऊ वर्षांचा पाठपुरावा २००९ साली प्रसिद्ध झाला, आणि मासे व स्मृतिभ्रंश यांचा संबंध नाहीसा झाला. असे कसे? दोन वर्षांच्या अभ्यासात एक सापळा असतो. स्मृतिभ्रंश एका दिवशी येत नाही. निदान होण्याआधी दहा-पंधरा वर्षे तो मेंदूत काम करत असतो. त्या काळात माणसाची भूक बदलते, बाजारात जाणे कमी होते, काटे काढून खाण्याचा कंटाळा येतो. म्हणजे मासे न खाल्ल्याने विसर पडला, की विसर पडू लागल्याने मासे सुटले? पाठपुरावा लांबला की हा गोंधळ कमी होतो. दुसरा सापळा सुबत्तेचा. श्रीमंत देशांत आठवड्याला तीनदा मासा खाणारा माणूस बहुधा अधिक शिकलेला, फिरायला जाणारा, धूम्रपान सोडलेला असतो. गणिताने हे घटक बाजूला काढतात, पण सगळेच निघत नाहीत.

या सापळ्यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे प्रयोग : चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे, एकाला तेल, दुसऱ्याला तसलीच दिसणारी पोकळ गोळी. असे प्रयोग झाले. २०१० साली अमेरिकेत अल्झायमर झालेल्या ४०२ रुग्णांना दीड वर्ष रोज दोन ग्रॅम डीएचए दिले. रोगाची चाल मंदावली नाही. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समधील सत्तर ते एकोणऐंशी वर्षांच्या ८६७ निरोगी वृद्धांचा दोन वर्षांचा प्रयोग संपला. दोन्ही गटांत फरक नाही. २०१५ साली डोळ्यांच्या विकारावरील एका मोठ्या अमेरिकी प्रयोगात साडेतीन हजारांवर लोकांची स्मरणशक्ती पाच वर्षे तपासली, फरक नाही. २०१७ साली फ्रान्समध्ये १,६८० वृद्धांवर तीन वर्षे. पुन्हा फरक नाही. शिवाय मोठ्या मात्रेत हे तेल घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण थोडे वाढते, असे हृदयविकारावरील अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. कॅप्सूल निरुपद्रवी खाऊ नाही.

आमचे मत असे की या प्रयोगांनी कॅप्सूलचा दावा बहुतांशी निकालात काढला आहे. माशाचा दावा निकालात काढला आहे का? नाही, तो वेगळा प्रश्न आहे. मासा म्हणजे फक्त डीएचए नव्हे. त्यात बी-१२ आहे, ड जीवनसत्त्व आहे, आयोडीन आणि सेलेनियम आहे, चांगली प्रथिने आहेत, आणि ताटात मासा आला की दुसरे काहीतरी ताटातून जाते. २०१६ साली मॉरिस यांच्याच गटाने मृत्यूनंतर दान केलेल्या २८६ मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. अल्झायमरचा आनुवंशिक धोका असलेल्यांपैकी जे मासे खात त्यांच्या मेंदूत रोगाच्या खुणा कमी होत्या. माशाच्या तेलाच्या गोळ्या घेण्याशी मात्र खुणांचा संबंध नव्हता. आणि मासा तळला की गोष्ट बदलते : २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत तळलेल्या माशाचा फायदा दिसला नव्हता. बांगड्याचे तिरफळ घालून केलेले तिखले त्या कसोटीला उतरते, रवा लावून तळलेली तुकडी उतरत नाही. चवीबद्दल आम्ही येथे मत देत नाही.

आपल्याकडचे आकडे

हे सारे शीत देशांतले. आपल्याकडे काय? अगदी सुरुवातीचा काळजीपूर्वक अभ्यास हरियाणातील बल्लभगढचा. तेथे अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी १९९० च्या दशकात पंचावन्न वर्षांवरील पाच हजारांहून अधिक खेडूत तपासले. त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश निरक्षर होते. वाचायला, लिहायला, आजची तारीख सांगायला लावणाऱ्या परदेशी चाचण्या तेथे निरुपयोगी होत्या. निरक्षर माणूस त्यांत स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ठरला असता. म्हणून प्रश्न नव्याने रचावे लागले. शिक्षकांनी हा भाग जरूर लक्षात घ्यावा, कारण परीक्षा नेमके काय मोजते हा त्यांचाही रोजचा प्रश्न आहे. २००१ साली निष्कर्ष आला : पासष्टीपुढील हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे ४.७ नवे रुग्ण. अमेरिकेतील तुलनेच्या भागात ते १७.५ होते. आणि बल्लभगढच्या खेड्यांत समुद्राचा मासा कोण खातो?

त्याच वर्षी मुंबईतील पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंश २.४४ टक्के होता, बल्लभगढला १.३६ टक्के. आता कोणी म्हणेल, मुंबईकर मासे खातात, हरियाणवी खात नाहीत, तेव्हा माशाने विसर वाढतो! हे जितके हास्यास्पद, तितकेच उलट दिशेचे अनुमानही कच्चे. शहरात रुग्ण ओळखला जातो आणि औषधोपचाराने जास्त जगतो. खेड्यात तो लवकर जातो, म्हणून मोजणीत सापडत नाही. शिवाय ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण असलेल्या समाजात विसर ही तक्रार होतच नाही. घरातल्या सुनेला विचारावे तर ती म्हणते, वय झालंय त्यांचं. अलीकडच्या, अधिक बारीक चाचण्या वापरून केलेल्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ साली साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे काढले. जुने आकडे किती कमी सांगत होते याची त्यावरून कल्पना येते.

थेट माशाचा प्रश्न विचारणारा अभ्यास २००९ साली आला. चीन, क्यूबा, डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला, मेक्सिको, पेरू आणि भारत येथील पासष्टीपुढच्या सुमारे पंधरा हजार लोकांना एकाच पद्धतीने तपासले. भारतातली ठिकाणे चेन्नई आणि वेल्लोर. निष्कर्ष : मासा जितक्या वेळा, स्मृतिभ्रंश तितका कमी. सर्व देशांत, फक्त भारत सोडून.

या अपवादाकडे आम्ही पुनःपुन्हा पाहतो. भारतीयांच्या शरीरात मासा वेगळे काम करतो असे मानण्याचे काही कारण नाही. वेगळा आहे तो समाज. इतर देशांत मासा खाणे हे बहुधा आवड आणि ऐपत यांवर ठरते. आपल्याकडे ते आधी जात, धर्म, व्रत आणि माळ यांवर ठरते, ऐपतीचा क्रमांक नंतर. मासे न खाणाऱ्यांत शिकलेली, नोकरदार घरे बरीच. रोज मासे खाणाऱ्यांत मच्छीमार, मजूर. लहानपणी शाळा मिळाली की नाही याचा म्हातारपणच्या मेंदूशी असलेला संबंध माशापेक्षा कितीतरी पक्का आहे. लॅन्सेट आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली, त्यांत अपुरे शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आहेत. मासे न खाणे त्यांत नाही.

माळकऱ्याचा मेंदू

राजगुरुनगर ज्या खेड तालुक्याचे ठिकाण, त्याच तालुक्यात आळंदी आहे. पिढ्यान्‌पिढ्या मांस-मासा न शिवलेली हजारो माळकरी घरे येथे आहेत. त्यांच्या मेंदूला डीएचए मिळते कुठून?

हिशेब करून पाहू. जिवंत माणसाच्या मेंदूत डीएचए किती शोषले जाते हे किरणोत्सारी खूण लावून मोजता येते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अशा मोजणीत उत्तर आले : दिवसाला सुमारे ३.८ मिलिग्रॅम. ग्रॅम नव्हे, मिलिग्रॅम. मेंदू आपला साठा फार जपून वापरतो; निम्मा साठा बदलायला सुमारे अडीच वर्षे लागतात. आता घाटावरच्या घरातली जवसाची चटणी घ्या. एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १० ग्रॅम जवस, त्यात ४ ग्रॅम तेल, त्यातले निम्मे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे २ ग्रॅम. हे ओमेगा-३ कुळातलेच, पण १८ कार्बनचे. आपले यकृत त्याची साखळी लांबवून डीएचए बनवू शकते, मात्र अगदी कंजूषपणे. अर्धा टक्का धरला तर १० मिलिग्रॅम होतात. मेंदूच्या गरजेपेक्षा जास्त! पण हा हिशेब उदार आहे. पुरुषांत हे रूपांतर काही प्रयोगांत मोजण्याइतकेही आढळले नाही. स्त्रियांत ते थोडे अधिक होते. शिवाय सूर्यफूल आणि करडई यांच्या तेलांत ओमेगा-६ जातीचे लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि ते त्याच विकरांसाठी भांडते. चटणीत जवस आणि फोडणीला करडई, म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले असे काहीसे होते. शाकाहारी लोकांच्या रक्तात डीएचए कमी असते हे खरे. मेंदू त्यामुळे रिकामा राहतो असे मात्र कोणी दाखवलेले नाही. ज्यांना थेट डीएचए हवे त्यांच्यासाठी माशाला वगळून मुळाकडे, म्हणजे शैवालाकडे जाता येते. शैवालापासून काढलेले डीएचए बाजारात आहे.

माळकरी घरातली खरी उणीव दुसरीच आहे, आणि ती पुण्यातच मोजली गेली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते. बी-१२ वनस्पतींत नसते. ते मांस-मासे, अंडी, दूध यांतून येते, आणि आपल्या ताटातले दूध बहुधा चहापुरते असते. बी-१२ कमी पडले की होमोसिस्टीन साचते, आणि वाढलेले होमोसिस्टीन व झिजणारा मेंदू यांची जोडी अनेक अभ्यासांत दिसली आहे.

येथे ऑक्सफर्डचा एक प्रयोग आठवतो. विसराची सुरुवात झालेल्या सत्तरीपुढच्या लोकांना दोन वर्षे ब-गटातील जीवनसत्त्वे दिली आणि मेंदूचे आकारमान मोजले. २०१५ साली त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली तेव्हा दिसले की ज्यांच्या रक्तात मुळात ओमेगा-३ भरपूर होते त्यांच्यात या जीवनसत्त्वांनी मेंदूची झीज सुमारे ४० टक्क्यांनी मंदावली. ज्यांच्यात ते कमी होते त्यांना काहीच लाभ झाला नाही. १६८ माणसांतली ही उपविभागणी आहे, तिच्यावर इमला उभारू नये. तरीही ती एक शक्यता सुचवते की ही दोन द्रव्ये जोडीने काम करतात, आणि नुसते तेल देणारे प्रयोग कदाचित म्हणूनच रिते गेले. बी-१२ आणि डीएचए दोन्ही एकत्र कशात असतात? बांगड्यात.

आज मालमोटारींतून बर्फातला बांगडा रातोरात घाट चढतो. पापलेट-सुरमईच्या मानाने तो आणि तारली स्वस्तही आहेत. जे खातात त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा कालवणात घालून खावा, हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. जे खात नाहीत त्यांनी केवळ धास्तीपोटी कॅप्सूलवर खर्च करावा असा पुरावा मात्र आमच्यापाशी नाही. आणि घरातल्या वृद्धाला अलीकडे विसर पडू लागला असेल, तर कॅप्सूल आणण्याआधी त्यांच्या रक्तातील बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, कान आणि रक्तदाब तपासावा. विसराची ही कारणे तपासणीत सापडतात, आणि वेळेवर सापडली तर त्यांवर उपचार होतो.